रोग्याची भाषा शिकलेला वैद्य : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा आम्ही सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव निवडले. हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. युद्धकाळात चीनमध्ये जखमींची सेवा करता करता तेथेच देह ठेवलेला तरुण डॉक्टर, ही त्यांची ओळख व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने घरोघरी पोहोचविली आहे. त्यांच्या त्यागाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र त्यांच्या चरित्रातील एका वेगळ्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. ज्या रोग्यांची भाषा, रीतिभाती, अन्न आणि श्रद्धा यांपैकी काहीही आपल्याला ठाऊक नाही, त्या रोग्यांशी बोलावे कसे, हा प्रश्न कोटणीसांपुढे उभा राहिला होता. त्यांनी तो ज्या रीतीने सोडविला, त्यात आपल्या मुखेड परिसरासाठी मोठा बोध आहे.

आपला तालुका मराठवाड्याच्या कडेचा. तेलंगण आणि कर्नाटक यांच्या सीमा येथून फार दूर नाहीत. बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी आणि तांड्यावरची गोरबोली अशा पाच भाषा एकाच रस्त्यावर कानी पडतात. दुखण्याला तेलुगूत नोप्पी म्हणतात, कन्नडमध्ये नोवु म्हणतात आणि दखनीत दर्द म्हणतात. खुद्द मराठीतही दुखणे एक नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. मुरडा, ठसठस, भगभग, मुंग्या हे सारे वेगवेगळे. अंगावरून वारे गेले असे कोणी सांगितले, तर त्याचा अर्थ पक्षाघात. आणि एखादी स्त्री खाली मान घालून अंगावरून जाते एवढेच सांगते, तेव्हा तिचे दुखणे अगदीच निराळे असते. शहरात शिकून आलेल्या डॉक्टरास हा भेद ठाऊक नसेल, तर तपासणी सुरू होण्यापूर्वीच चुकते. आपल्यातील कितीतरी पालक ऊसतोडीसाठी परमुलखात जातात, उपचारासाठी हैदराबादसारख्या शहराची वाट धरतात. तेथे डॉक्टरांच्या टेबलापुढे उभे असताना त्यांची वाचा बसते. काय झाले हे त्यांना सांगता येत नाही आणि काय सांगितले हे त्यांना कळत नाही. कागदावर अंगठा किंवा सही करून ते बाहेर येतात. हा अनुभव आमच्यापैकी अनेकांच्या घरातला आहे, म्हणूनच हे चरित्र आम्हांस आपले वाटते.

सोलापूर ते परळ

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भावंडे पुष्कळ आणि उत्पन्न बेताचे. त्या काळचे सोलापूर हे गिरण्यांचे आणि हातमागांचे गाव. मराठीबरोबर कन्नड बोलणारी घरे, तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, दखनी बोलणारे मुसलमान कारागीर अशी तेथील वस्ती. शेजारच्या घरात आपल्याहून वेगळी भाषा बोलली जाते, यात तेथील मुलांना काही नवल वाटत नसे. द्वारकानाथांच्या तरुणपणीच १९३० मध्ये सोलापुरात सत्याग्रहाचा वणवा पेटला, लष्करी कायदा पुकारला गेला आणि पुढच्या वर्षाच्या जानेवारीत चार सोलापूरकर फासावर गेले. देशासाठी काही करावयाचे म्हणजे काय, हे त्या गावातील तरुणांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस गेले आणि परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. १९२६ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयामागे एक लक्षात ठेवण्याजोगी अट होती. ज्यांच्या देणगीतून ते उभे राहिले, त्यांच्या विश्वस्तांनी तेथील अध्यापक भारतीयच असावेत असा आग्रह धरला होता. वैद्यकशास्त्र हे केवळ इंग्रजांच्या हातचे नाही, हे दाखवून देणारी ती संस्था होती. तिच्याशी जोडलेल्या के.ई.एम. रुग्णालयात येणारे रोगी म्हणजे परळ-लालबागचे गिरणी कामगार, कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली माणसे. अशा रोग्यांमध्ये कोटणीसांचे शिक्षण झाले. १९३६ साली ते पदवीधर झाले आणि पुढील शिक्षणाची तयारी करू लागले. शल्यचिकित्सेत प्रावीण्य मिळवावे, घरची आर्थिक ओढाताण दूर करावी, असा सरळ मार्ग त्यांच्यापुढे होता.

परदेशाची हाक

१९३७ च्या जुलै महिन्यात जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चीनमध्ये डॉक्टर आणि औषधे यांची विलक्षण टंचाई होती. साम्यवाद्यांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये देशाला आवाहन केले, चीनसाठी निधी गोळा झाला आणि सुमारे २२,००० रुपये जमले. पारतंत्र्यात असलेल्या एका गरीब देशाने दुसऱ्या पीडित देशासाठी केलेली ही वर्गणी होती.

पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. कोटणीस त्या वेळी अवघे सत्तावीस वर्षांचे होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने हे पथक मुंबईहून निघाले आणि त्याच महिन्यात हाँगकाँगमार्गे कँटन येथे पोहोचले. पुढे जपानी विमानांच्या बाँबवर्षावात ते हँकाऊ, इचांग अशी मजल दरमजल करीत चुंगकिंग या तत्कालीन राजधानीस गेले.

चुंगकिंग येथे या डॉक्टरांना चिनी नावे देण्यात आली. प्रत्येकाच्या नावाशेवटी हुआ हे अक्षर जोडले गेले. त्याचा अर्थ चीन. कोटणीसांचे नाव झाले के तिहुआ. पाहुण्याच्या नावाचा उच्चार यजमानाला जमावा, एवढीच ती सोय नव्हती. रोगी ज्या नावाने हाक मारू शकेल असे नाव घेणे, हे त्याच्या घराच्या उंबरठ्याशी उभे राहणे असते. पुढे चार वर्षे कोटणीस याच नावाने जगले आणि चिनी लोक आजही त्यांना याच नावाने ओळखतात.

चुंगकिंगच्या मुक्कामातच त्यांना वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळली. घरी आई, भावंडे आणि अडचणी होत्या. परत जावे असे सहकाऱ्यांनी सुचविले. त्यांनी पथकाबरोबर पुढे जाण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय सोपा होता असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्या मुलाकडे डोळे लावून बसलेली घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत, त्यामुळे त्या निर्णयाची किंमत काय असेल, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

येनानच्या गुहा आणि थांग या शब्दाचे चार अर्थ

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे पोहोचले. पिवळ्या मातीच्या उंच कड्यांमध्ये खोदलेल्या गुहा, हीच तेथील घरे आणि हीच तेथील रुग्णालये. जेवणात मुख्य धान्य होते राळे. मराठवाड्यातील वृद्धांना राळ्याचा भात अजून आठवत असेल. हजारो कोसांवर आपल्या मुलखातील एका तरुणाच्या ताटात तेच धान्य यावे, याचे कौतुक वाटते. सैनिकांप्रमाणेच गणवेश आणि सैनिकांप्रमाणेच अन्न, असे या डॉक्टरांचे जीवन सुरू झाले.

अन्न आणि वस्त्र यांपेक्षा भाषा अवघड होती. चिनी भाषेत शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो. थांग हा एकच उच्चार घ्या. सपाट उंच सुरात तो म्हटला तर त्याचा अर्थ रस्सा, चढत्या सुरात साखर, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात आडवे व्हा, आणि उतरत्या सुरात चटका बसण्याइतके गरम. म्हणजे रोग्याला तपासणीसाठी आडवे होण्यास सांगावयाचे आणि सूर चुकला, तर डॉक्टर साखरेविषयी किंवा रश्श्याविषयी बोलत आहे असे रोग्यास वाटावे! ज्याच्या पोटात गोळी आहे त्या माणसाशी बोलताना अशी चूक हसण्यावारी नेता येत नाही.

अशा ठिकाणी डॉक्टरापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे दुभाष्या घेणे. परदेशातून चीनच्या मदतीस गेलेल्या बहुतेक डॉक्टरांनी तेच केले आणि त्यात काही गैर नव्हते. रोज शेकडो जखमी येत असताना व्याकरण गिरविण्यास वेळ कोठून आणावा? कॅनडाचे थोर शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनीही दुभाष्याच्या मदतीने अलौकिक काम केले. तथापि दुभाष्याच्या तोंडून अर्थ येतो, पण रोग्याच्या आवाजातला कंप, शब्दापूर्वीचा थांबा, लाजेने गिळलेले वाक्य हे सारे वाटेत गळून पडते. दुसरा मार्ग म्हणजे स्वतः भाषा शिकणे. तो लांबचा आणि कष्टाचा असतो. कोटणीसांनी दुसरा मार्ग धरला.

ते बोलावयास शिकले आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. चिनी लिपीही त्यांनी अभ्यासिली. ज्या लिपीत प्रत्येक शब्दासाठी वेगळे चिन्ह, ती वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी दिवसभराच्या शस्त्रक्रियांनंतर गिरविणे म्हणजे काय, याची कल्पना पहिलीच्या वर्गात मुळाक्षरे गिरविलेल्या प्रत्येकाला करता येईल. शिकलेल्या माणसाने पुन्हा अडाणी होऊन पहिल्या पाटीपासून आरंभ करावा लागतो. मोठेपणा बाजूस ठेवल्याशिवाय ते साधत नाही.

वुताईच्या डोंगरात

१९३९ मध्येच चोळकर आणि मुखर्जी भारतात परतले. अटल, बसू आणि कोटणीस हे तिघे उत्तर चीनमधील आघाडीकडे निघाले. पुढे प्रकृतीच्या कारणाने अटलही परतले. जपानी चौक्यांच्या मधून, बहुधा रात्रीच्या अंधारात, डोंगर ओलांडीत हा प्रवास झाला. वुताई पर्वताच्या परिसरात पसरलेला तो प्रदेश. चिनी बौद्ध परंपरेत वुताई हे मंजुश्री बोधिसत्त्वाचे स्थान मानले जाते. शतकानुशतके भारतातून भिक्खू चीनमध्ये गेले आणि तेथून इकडे आले. सहाव्या शतकात उज्जैनचे परमार्थ तेथे जाऊन ग्रंथांची भाषांतरे करीत राहिले. सातव्या शतकात ह्युएनत्संग भारतात आला आणि पुलकेशीच्या काळचा महाराष्ट्र त्याने डोळ्यांनी पाहिला. त्या साऱ्यांचे मोठे काम काय होते? एका समाजाचे बोलणे दुसऱ्या समाजाला कळावे, हेच. कोटणीस कोणत्याही धर्माच्या प्रसारासाठी गेले नव्हते. पण दोन लोकसमूहांच्या मधोमध उभे राहून एकमेकांचे बोलणे एकमेकांस पोहोचविण्याची जी जुनी वाट होती, तिच्यावरूनच तेही चालले असे आम्हांस वाटते.

ते आघाडीकडे निघाले त्याच सुमारास, १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, बेथ्यून यांचे निधन झाले. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन हा थोर डॉक्टर गेला. १९४० च्या उन्हाळ्यात कोटणीस हपै प्रांतातील थांग परगण्यात, बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयात व वैद्यकीय विद्यालयात आले. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची आणि तेथे परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांची प्रथम भेट झाली. परदेशातून आलेला हा डॉक्टर आपल्या भाषेत बोलतो, याचे छिंगलान यांना मोठे अप्रूप वाटले.

त्या वर्षाच्या उत्तरार्धात आठव्या मार्ग सेनेने जपानी फौजांविरुद्ध मोठी मोहीम काढली. जखमींची रांग संपेना. कोटणीसांनी सतत बहात्तर तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, अशी नोंद आहे. हे आकडे त्यांच्या प्रत्येक चरित्रात असतात. आम्हांस येथे आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. औषधे अपुरी, भूल देण्याची साधने तुटपुंजी, अशा स्थितीत रोग्याला धीर देण्याचे साधन कोणते उरते? शब्द. काय करणार आहोत, किती वेळ लागेल, किती दुखेल, हे त्याच्याच बोलीत सांगणारा डॉक्टर जवळ असणे, हे अशा ठिकाणी औषधाइतकेच मोलाचे असते.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. नाव मोठे असले तरी ते आजच्या अर्थाचे रुग्णालय नव्हते. शत्रूची चाल आली की सामान खांद्यावर घ्यावयाचे आणि रोग्यांसह दुसऱ्या खेड्यात जावयाचे. शेतकऱ्यांच्या घरांत खाटा, त्यांच्याच अंगणात मलमपट्टी. त्यामुळे रोगी केवळ सैनिक नव्हते. त्या खेड्यांतील बायाबापड्या, मुले, म्हातारी माणसेही उपचारासाठी येत. ही माणसे नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या परंपरेत वाढलेली. चाकू लावून घेण्याची त्यांना धास्ती. बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडू नये, गार पाणी शिवू नये, ही त्यांची रीत. आपल्याकडच्या सव्वा महिन्याची आठवण करून देणारी. अशा घरात शिरताना ज्याला त्या घराची रीत कळते, त्याच्यापुढेच दुखणे उघड होते. जो रीतीला हसतो, त्याला माणसे दुखणे सांगत नाहीत. फक्त मान हलवितात.

कोटणीसांना ती माणसे दुखणे सांगत. त्यांना प्रेमाने दिलेल्या नावांपैकी एक आपल्या भाषेत सांगावयाचे तर काळी माय असे होते. वर्ण सावळा आणि काळजी आईसारखी, म्हणून हे नाव. एका परक्या पुरुष डॉक्टरास खेड्यातील माणसांनी आई म्हणावे, यापेक्षा मोठी पदवी कोणत्या विद्यापीठाने द्यावी?

चिनी भाषेतील पाठ

रुग्णालयाबरोबर वैद्यकीय विद्यालयात शिकविण्याचे कामही ते करीत. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले, शालेय शिक्षण जेमतेम झालेली. युद्धाला डॉक्टर आणि परिचारक हवे होते आणि ते याच मुलांतून घडवावयाचे होते. कोटणीस त्यांना चिनी भाषेत शिकवू लागले. शल्यचिकित्सेवर चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहिण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. त्यांनी स्वतः वैद्यक इंग्रजीत शिकलेले, घरची भाषा मराठी, आणि शिकवीत होते चिनी भाषेत. प्रत्येक संज्ञेपाशी थांबून, ही गोष्ट या मुलांच्या बोलण्यात कशी म्हणतात, याचा शोध घेतल्यावाचून असे पुस्तक लिहिता येत नाही.

आपल्या विद्यालयातील माजी विद्यार्थ्यांना या प्रसंगाचे मोल विशेष कळेल. मराठी माध्यमातून दहावी-बारावी होऊन वैद्यकीय किंवा परिचर्या महाविद्यालयात गेलेल्या आपल्या मुलामुलींनी पहिल्या वर्षी इंग्रजी ग्रंथांपुढे गाळलेले अश्रू आम्ही जाणतो. बुद्धी कमी नव्हती. भाषेची भिंत उंच होती. कोटणीसांनी ती भिंत विद्यार्थ्यांना ओलांडावयास लावली नाही. ते स्वतः ओलांडून पलीकडे गेले.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचा आणि क्वो छिंगलान यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले गेले; यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. हे नाव त्या विभागाचे सेनापती निए रोंगचेन यांनी सुचविले होते. त्याच वर्षी कोटणीस चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्य झाले.

परंतु शरीर थकले होते. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांती घ्यावी, उपचारासाठी दुसरीकडे जावे, असे वरिष्ठांनी सुचविले. त्यांनी काम सोडले नाही. ८ डिसेंबर १९४२ च्या संध्याकाळी पाठ्यपुस्तकाचे लिखाण चालू असता त्यांना झटका आला आणि ९ डिसेंबरच्या पहाटे त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस वर्षांचे. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. शल्यचिकित्सेच्या ग्रंथाचा पुढील भाग अपुरा राहिला. माओ त्से-तुंग यांनी आपल्या शोकसंदेशात सैन्याने एक मदतीचा हात आणि राष्ट्राने एक मित्र गमावल्याची भावना व्यक्त केली.

मागे राहिलेले

थांग परगण्यातील खेडुतांनी आणि सैनिकांनी त्यांना आपल्या मातीत निरोप दिला. पुढे त्यांची समाधी शिचियाच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, बेथ्यून यांच्या समाधीच्या परिसरात उभारण्यात आली. पुत्र यिनहुआ हाही वैद्यकशास्त्राचाच विद्यार्थी झाला. परंतु १९६७ साली ऐन तारुण्यात त्याचा मृत्यू झाला. छिंगलान यांनी दीर्घ आयुष्य घालविले, भारतात येऊन कोटणीस कुटुंबाशी नाते जपले आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. एका मातेने पती आणि पुत्र दोघेही गमावून दोन देशांमधील नाते अखेरपर्यंत सांभाळले. तिच्या नावाचाही उल्लेख या चरित्रात आदराने व्हावयास हवा.

भारतात ख्वाजा अहमद अब्बास यांनी या कार्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट आला. कोटणीसांची भूमिका स्वतः व्ही. शांताराम यांनी केली. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. दोन देशांच्या सरकारांत पुढे युद्ध झाले, कटुता आली, तरी या नावाविषयीचा आदर दोन्हीकडे टिकून राहिला.

त्यांचे सहकारी डॉ. बसू यांची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ते पुढे पुन्हा चीनमध्ये गेले आणि सुया टोचून उपचार करण्याची तेथील प्राचीन पद्धत शिकून आले. भारतात ही पद्धत रुजविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. शिकविण्यास गेलेला डॉक्टर शिकून परतला. ज्याने रोग्याचे बोलणे ऐकण्याची सवय लावून घेतली आहे, त्याला रोग्याच्या समाजाकडूनही काही घेण्यासारखे असते हे उमगते.

आपल्यासाठी

तथागतांच्या चरित्रातील दोन प्रसंग आपल्या विद्यालयात प्रत्येक मुलाने ऐकलेले आहेत. आपल्या मलमूत्रात एकाकी पडलेल्या आजारी भिक्खूला त्यांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः स्नान घातले. आणि धम्म विद्वानांच्या छंदोबद्ध भाषेत बांधावा असे दोन भिक्खूंनी सुचविले, तेव्हा ते नाकारून लोकांनी तो आपापल्या भाषेत शिकावा अशी अनुज्ञा दिली. हे दोन प्रसंग आपण वेगवेगळे सांगतो. कोटणीसांचे चरित्र वाचताना ते दोन्ही एकच आहेत असे आम्हांस जाणवले. रोग्याच्या अंगाला हात लावणे आणि रोग्याच्या भाषेला हात लावणे, या दोन्हींतून एकच गोष्ट सांगितली जाते. तू मला परका नाहीस.

दोन अनोळखी जगांतील माणसे दवाखान्यात समोरासमोर येतात, तेव्हा समजून घेण्याचे ओझे कोणी उचलावयाचे? आजवर ते रोग्याच्या माथी मारले गेले. त्याने नीट सांगावे, त्याने लवकर सांगावे, त्याने डॉक्टरांच्या भाषेत सांगावे. ज्याला दुखते आहे, जो घाबरलेला आहे, ज्याच्या खिशात परतीचे भाडेही पुरते नाही, त्यानेच हेही करावे. कोटणीसांनी हे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतले. अधिक शिकलेल्याने अधिक वाकावे, हा त्यांचा न्याय होता.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते किंवा आशा कार्यकर्त्या म्हणून सेवेत आहेत, त्यांना चीनला जावे लागणार नाही. त्यांचे येनान एखाद्या तांड्यावर आहे, एखाद्या वाडीत आहे, सरकारी दवाखान्याच्या बाहेर उन्हात बसलेल्या रांगेत आहे. गोरबोलीतील दहा शब्द, तेलुगूतील दहा शब्द, आणि आपल्याच आजीच्या मराठीतील दुखण्याची वीस नावे, एवढ्यापासून आरंभ करता येईल. औषधाची चिठ्ठी देण्यापूर्वी, मी काय सांगितले ते तुम्ही मला सांगा पाहू, असे रोग्याला मायेने विचारता येईल. त्याने चुकीचे सांगितले, तर आपलेच सांगणे अपुरे पडले असे समजून पुन्हा सांगता येईल.

आणि आमच्या पालकांना एक विनंती. डॉक्टरांपुढे गप्प राहू नका. न कळलेले पुन्हा विचारणे हा अपमान नव्हे, तो तुमचा हक्क आहे. तुमचे दुखणे तुमच्या शब्दांत सांगा. ते शब्द अशुद्ध नाहीत, दुखणे ओळखण्याच्या त्या अचूक खुणा आहेत.

येत्या ९ डिसेंबरला डॉ. कोटणीसांचा स्मृतिदिन येईल. त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेस फूल वाहावे, आणि त्याबरोबरच विद्यालयातील मुलांनी आपापल्या घरी आजी-आजोबांपाशी बसून दुखण्याखुपण्याचे शब्द विचारून वहीत उतरवून घ्यावेत, असे आम्ही सुचवितो. पाच भाषांच्या या मुलखात ती वही लवकरच भरेल. आपल्यातून उद्या डॉक्टर होणाऱ्या एखाद्या मुलीच्या टेबलावर ती असेल, आणि तिच्यापुढे बसलेल्या वृद्धेला आपले दुखणे सांगताना शब्द शोधावा लागणार नाही.